कानांवरचा भरवसा

मी स्पीकर दुरुस्त करतो. तीस वर्षं झाली. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ऐकवायचो, "मीटर-बिटर लागत नाही आपल्याला. कान आहेत." वर उजव्या कानाच्या पाळीला हातही लावायचो. आता आठवलं की तोच कान पिळावासा वाटतो.

गेल्या वर्षी गाणं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई त्यांचे दोन स्पीकर घेऊन आल्या. "वरचे आवाज दबलेत," म्हणाल्या. मी आतले ट्विटर, म्हणजे बारीक आवाज देणारे छोटे स्पीकर, बदलले आणि कानाने अंदाज घेत तो बारीक आवाज वाढवत गेलो. माझं समाधान झालं तेव्हा बटण पार टोकाला होतं.

दुसऱ्या दिवशी बाई परत हजर. "अहो, हे गाणं आहे की पत्र्यावर खिळा ओढताय?"

"बाई, आता तुमच्या कानांचं वय झालं," मी म्हणालो.

बाई बाहत्तरच्या, मी छप्पन्नचा. त्या स्पीकर तिथेच ठेवून निघून गेल्या. मला वाटलं, जिंकलो.

त्याच आठवड्यात सासूबाई येणार होत्या. बायको स्वयंपाकघरातून, नळ चालू ठेवून ओरडली, "आईला सातला आणायचंय!" मी बरोबर आठला बसस्टँडवर पोचलो. सासूबाई स्वतःच्या बॅगेवर बसून होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "जावईबापूंना मी नको असेन, तर तसं सांगायचं. तासभर विचार करायला कशाला लावायचं?"

"हिने आठ सांगितलं," मी म्हणालो. "हिला जरा तोंड उघडून बोलायला सांगा."

बायकोने तोंड उघडलं. ते मात्र शेजाऱ्यांनाही नीट ऐकू गेलं. दोन दिवसांनी तिने मला कान तपासायला नेलं. मी तिथे अशा थाटात गेलो, की जणू तिचीच तपासणी आहे.

काचेच्या खोलीत बसवून तपासणाऱ्या मॅडमनी कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे घुमणारे, जाड आवाज मी पटापट टिपले. मग बराच वेळ काहीच येईना. आता आपली अब्रू जाणार, या भीतीने मी अंदाजपंचे दाबत राहिलो.

मॅडम आत आल्या. "काका, शेवटची दोन मिनिटं मी मशीन बंदच ठेवलं होतं. तुम्ही अकरा वेळा दाबलंत."

काचेपलीकडे बायको पदराआड हसत होती.

"पण शेजाऱ्याच्या गाण्यातला धमधमाट मला भिंतीतून ऐकू येतो!" मी म्हणालो.

"तो येणारच. जाड आवाज भिंतीतून पार होतो, कोपऱ्यावरून वळून येतो. बारीक आवाज बराचसा सरळ जातो; दार आडवं आलं की अडतो, पडद्यात मुरतो. आणि जो पोचतो, तो तुमच्या कानांना आता पकडता येत नाही. स, श ही अक्षरं त्यातलीच. 'स' निसटला की 'सात'चं 'आत' उरतं. पुढचं डोकं जुळवून घेतं."

माझ्या डोक्याने आठ जुळवलं होतं. तीस वर्षं मोठमोठे स्पीकर कानाशी वाजवून तपासले, त्याचं हे बक्षीस.

श्रवणयंत्र बसलं. पहिल्याच दिवशी कळलं, की दुकानातला पंखा चिरकतो, पेपर उलटताना कडकडतो, आणि मी चहा पिताना असा काही आवाज काढतो, की इतकी वर्षं माझ्यासमोर बसून चहा पिणाऱ्या बायकोबद्दल आदरच वाटला.

मग निमूटपणे आवाज मोजायचा मीटर विकत घेतला आणि बाईंना फोन लावला. "बाई, वय झालंय ते माझ्या कानांचं."

"मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला ऐकू आलं असतं का?"

बाई आल्या, स्टुलावर बसल्या, डोळे मिटले. मी बटण हळूहळू मागे घेत गेलो. "अजून. अजून खाली. थांबा." मी मीटरवर पाहिलं. काटा जिथे हवा तिथेच होता.

आता दर मंगळवारी त्या येतात. मी दुरुस्त केलेले सगळे स्पीकर ओळीने ऐकतात आणि निम्मे परत उघडायला लावतात.