मोहाखालचं पान

माझी थोरली जाऊ मोहफुलं वेचताना गेली. वाघानं नेली. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडी सासूबाईंनी टोपली उचलली, तशी मीही उचलली आणि आम्ही दोघी पुन्हा त्याच जंगलात गेलो. जाऊ गेली ते झाड मात्र टाळलं. अलीकडच्या मोहाखाली वेचायला लागलो.

वाकलेली बाई वाघाला जनावरासारखी दिसते, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून मी घडीघडी उभी राहत होते. सासूबाई खोडाच्या पलीकडून हाक द्यायच्या.

"धाकटे, हायेस का वो?"

"हाव, आई."

"थोरले, हायेस का वो?"

मग उत्तर यायला लागेल तेवढा वेळ त्या थांबायच्या आणि पुन्हा वेचायला लागायच्या. मी त्यांना कधी टोकलं नाही.

आंबूस वास सुटलेल्या फुलांकडे मी हात नेला आणि पाचोळ्यात केशरी पट्टा हलला. काळ्याला लागून केशरी. मी तिथंच खाली बसले. पलीकडून हाक आली, तरी मी तिथून नजर काढली नाही.

"काय झालं? बोलून नाई राह्यली काऊन?" सासूबाई धावत आल्या.

मी बोट दाखवलं. तिथे वाळलेलं पान पडलं होतं, एवढंच. मधोमध शीर, कडेला बुरशीचे डाग, टोकाला देठ. सासूबाईंनी काडीनं डिवचलं, तसं ते पान उघडलं. आत गर्द निळा रंग, त्यावर आडवा केशरी पट्टा, टोकं काळी. ते उडालं, समोरच्या खोडावर डोकं खाली करून बसलं आणि मिटलं. मिटल्यावर पुन्हा नुसतं पान.

"पाखरू हाय वो," सासूबाई म्हणाल्या. पण त्याही खालीच बसल्या. माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

पुढे ब्रह्मपुरीला भावाकडे गेले, तेव्हा त्याच्या एका पुस्तकात त्या पाखराचं चित्र सापडलं. आपल्याकडच्या जंगलांपासून हिमालयाचा पायथा, चीन, तैवान, पार जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत हे फुलपाखरू सापडतं, असं लिहिलं होतं. तिथल्या बायाही अशाच दचकत असतील का, असं मनात आलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी जेठांना, म्हणजे थोरल्या जावेच्या नवऱ्याला, सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पट्टा कोणत्या रंगाचा होता?"

"केशरी."

ते बैलांना पाणी पाजायला गेले. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन आमच्यासोबत आले आणि आम्ही वेचत होतो तोवर आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मधूनच त्यांनी विचारलं, "कुठी बसते ते?"

आम्ही तिघांनी खोडं पाहिली, पाचोळा पाहिला. ते दिसलं नाही. कदाचित समोरच बसलेलं असेल. तेव्हापासून अंगणातलं वाळलं पान उचलायच्या आधी मी त्याला काडी लावून पाहते.