फळीची गिटार
सागवान कापल्याचा वास आला की दौंडमधल्या आमच्या वस्तीतली ती भीमजयंतीची संध्याकाळ आठवते. कुरकुंभच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळत, सुतारकाम करणाऱ्या मामांच्या मदतीनं मी एका जाड फळीतून इलेक्ट्रिक गिटार घडवली होती. आमच्या गायन पार्टीचे म्होरके आप्पा ती बघून स्टेजवरच हसले. म्हणाले, "ही पोकळ न्हाई, वाजायची कशी? आन् वाद्यं गडी वाजवत्यात. तू कोरसात उभी ऱ्हा." मी म्हणाले, "आप्पा, भरीव गिटार पहिल्यांदा निघाली तवा तिला होडीचं वल्हं म्हणून लोक असंच हसले हुते. तुम्हीबी हसा, पण मी वाजवणार." त्यांनी वायर उपसून खाली टाकली. मी ती उचलून पुन्हा ॲम्प्लिफायरला जोडली आणि भीमगीताची चाल छेडली. मांडवाचे पत्रे थरथरले. ढोलकीवाल्यानं आप्पांकडं न बघता ठेका धरला, पुढं बसलेल्या बाया टाळ्या वाजवत उठल्या. आप्पा स्टेजवरून उतरले. त्यानंतर त्यांनी मला पार्टीत कधी घेतलं नाही, म्हणून मी वस्तीतल्या मुलींची वेगळी पार्टी काढली. यंदा त्यांचाच निरोप आला, "जयंतीला वाजवायला ये, पण एकटीच ये." मी कळवलं, येऊ तर सगळ्याजणी येऊ.