पितराच्या घागरीतलं पाणी

उन्हाळ्यात आमच्या शहरातल्या सदर बाजाराच्या फुटपाथवर लाल घागरी मांडलेल्या दिसल्या की ती घटना आजही आठवते. बायको म्हणते, "चला आता, उन्हात उभं राहून मडकी काय पाहता?" तिला माहीत आहे मी काय पाहतो ते. अशाच एका घागरीनं माझी एक केस उघडली होती. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं आहेत तिथंच आहेत आणि आता बरी आहेत.

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं ठाणं कळमेश्वरच्या बाजूला होतं. हद्दीतल्या एका गावाच्या शिवेवर मुरुमाची जुनी खदान होती. एका कारखान्यानं बरीच वर्षं आपला विषारी गाळ त्या खदानीत आणून ओतला आणि वरून कचरा लोटला. गावच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं. माणसं आजारी पडली, काही दगावली. मग तक्रारी झाल्या, मोर्चे निघाले, कोर्ट झालं आणि सरकारच्या घातक जागांच्या यादीत त्या खदानीचं नाव चढलं. कारखाना बुडाला, मालक परागंदा झाला आणि साफसफाईचं ओझं सरकारच्या गळ्यात आलं. काळी माती उकरून नेली, नवी माती भरली, कुंपण घातलं आणि पाणी तपासायला चारी बाजूंनी बोअर खोदल्या.

मी ठाण्यात रुजू झालो तेव्हा हे सगळं उरकलं होतं. विहिरीचं आणि बोअरचं पाणी दर तपासणीत चांगलं निघत होतं. एक शेवटची तपासणी बाकी होती. ती पार पडली की जाहीर सुनावणी होणार आणि यादीतून नाव निघणार. गावच्या सरपंचबाईंचा जीव त्या यादीत अडकला होता. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "ठानेदार साहेब, आमच्या गावाले सोयरे येतेत ते पान्याची बाटली घेऊन येतेत. चहा ठेवला तं इचारतेत, पानी कुठलं हाय? माह्या पोरीची सोयरीक यानंच मोडली. पोरीत खोट नाही, घरात खोट नाही, पान्यात हाय म्हने."

आणि त्या शेवटच्या तपासणीतच विष निघालं. सगळ्या बोअरमध्ये नाही, गावाच्या बाजूच्या एकाच बोअरमध्ये, पण चांगलंच. सुनावणी रद्द झाली. बंद झालेला टँकर पुन्हा सुरू झाला. सरपंचबाईंनी विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून घेतल्या. गावातलं कुणी मग त्या बाजूला फिरकेना.

प्रदूषण खात्याचे केमिस्ट फिर्याद घेऊन ठाण्यात आले. माणूस सरळ होता, पण फार वैतागलेला. त्यांचं म्हणणं असं की, आजूबाजूचं पाणी स्वच्छ असताना एकाच बोअरमध्ये एवढं विष एकदम येऊच शकत नाही, कुणीतरी मुद्दाम काहीतरी केलं. आम्ही अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि जागेचा पंचनामा केला. बोअरचं झाकण शाबूत, कुलूप शाबूत, कुंपणाची तारही धड होती.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. "टँकरवाल्याले धरा. त्यानंच पान्यात औषध टाकलं." नाव न सांगता फोन खाली. निनावी फोन बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाचा असतो. आमच्या हवालदारांची सारी नोकरी त्याच पट्ट्यात गेलेली. त्यांनी आवाज ऐकताच सांगितलं की, या फोन करणाऱ्याचा आणि टँकरवाल्याचा बांधावरून जुना वाद आहे. पण वैऱ्यानं दिलेली खबर खोटीच असते असंही नाही. गावाचं नाव यादीत राहिलं तर टँकर चालणार, हे उघडच होतं. टँकरवाल्याला चौकशीला बोलावलं.

तो आला तोच भांडत. चौकशीत मी माणसाला आधी बोलू देतो. दोषी माणूस बहुधा घरून उत्तर पाठ करून येतो आणि विचारायच्या आत देऊन टाकतो. याच्याजवळ एकही उत्तर तयार नव्हतं. बोअर नेमकी कुठं आहे तेही त्याला धड सांगता येईना. शेवटी कपाळावर हात मारून म्हणाला, "साहेब, मी पानी विकतो, जहर नाही. गावच मेलं तं टँकर कोन बोलावन मले?" हवालदारांनी तोंड वळवून हसू दाबलं. मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं.

मग खदानीच्या चौकीदाराचा जबाब घेतला. तपासणीची सगळी तऱ्हा त्यानं समजावली. प्रत्येक बोअरची पाणी काढायची नळी आणि ती आत सोडायचा सुती दोर वेगळा असतो. हे सामान खात्याची माणसं दर वेळी नेत-आणत नाहीत, चौकीदाराच्या केबिनमध्येच खुंटीला टांगून ठेवतात.

"दुपारी केबिनमध्ये कोण असतं?" मी विचारलं.

"मी जेवाले घरी जातो जी. तवा बाबा बसतेत तिथं. पन त्यायच्यावर कोन शक घेईन?"

हे बाबा म्हणजे गावातले एक म्हातारे शेतकरी. त्यांचं वावर खदानीला लागून. विहिरीच्या पाण्यानं गावात पहिली कुणी गेली असेल तर ती त्यांची बायको. कारखान्याविरुद्ध पहिली तक्रार त्यांची, कोर्टातल्या तारखांना न चुकता हजर तेच. दवाखान्यानं मात्र मरणाचं कारण किडनी एवढंच लिहिलं, पाण्याचं नावही काढलं नाही. अशा माणसावर मलाही शक येईना. नुसता जबाब नोंदवायचा म्हणून मी आणि हवालदार त्यांच्या घरी गेलो.

तो नेमका अक्षय तृतीयेचा दिवस होता. आमच्या विदर्भात त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरून पुजतात आणि पितराचं जेवण करतात. त्या दिवशी दारी आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो पोलीस का असेना. म्हाताऱ्यांनी आम्हाला पाटावरच बसवलं. सुनेनं चिंचवणी, पुरणपोळी आणि कुरडई वाढली. देवाजवळ गव्हाच्या राशीवर लाल घागर, वर खरबूज ठेवलेलं. म्हातारे स्वतः उठले, घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि आमच्या पेल्यांत ओतलं.

हवालदारांनी सहज विचारलं, "टँकरचं हाय ना बाबा?"

"नाही जी. विहिरीचं. माह्या बायकोनं टँकरचं पानी कदी पेलंच नाही."

सून वाढता वाढता थांबली. तिलाही हे नवीनच होतं. म्हातारे आपला पेला तोंडाला लावून सावकाश पाणी प्याले. पेला धरलेल्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, काट्यांचे ताजे ओरखडे होते. बाभळीच्या फांद्या बाजूला सारून पाणी काढलं होतं. हवालदारांनी पेला हळूच ताटामागे सरकवला. मी प्यालो. का प्यालो ते तेव्हा सांगता आलं नसतं.

जीपमध्ये बसल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, म्हताऱ्याले जिवाची पर्वाच राहिली नाही."

"जिवाची नसेल," मी म्हटलं, "पण घागरीची?"

स्वतःच्या जिवाशी माणूस खेळतो. पण ज्या पाण्यानं बायको गेली, तेच पाणी तिच्या नावाच्या घागरीत तो कसं भरेल? सारं गाव त्या विहिरीला भिऊन दूर पळत होतं आणि ज्यानं सगळ्यांत जास्त भ्यायचं, तोच तिथलं पाणी आणून पुजत होता. ते पाणी चांगलंच आहे याची त्याला पक्की खात्री होती. आणि अशी खात्री, बोअरमधलं विष पाण्यातलं नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच एका माणसाला असू शकते. हवालदारांनी जीप हळू केली. मग म्हणाले, "मागं वळू का?" मी नको म्हटलं. पितराच्या दिवशी म्हाताऱ्याला जीपमध्ये घालणं मनाला पटेना.

सकाळी ते बोलावण्यावरून स्वतःच ठाण्यात आले. खांद्यावर धुतलेला दुपट्टा, हातात तेलाचा एक जुना डबा. डबा त्यांनी टेबलावर ठेवला. मी एकच प्रश्न विचारला, "बाबा, विहिरीचं पाणी चांगलं आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाले, "हे पाहा. खदानीतली काळी माती हाय. कोर्टात दाखवाले मी तवाच भरून ठेवली होती. कोनी मांगितलीच नाही."

पुढचं त्यांनी सरळ सांगितलं. ती माती पाण्यात कालवून एका बोअरचा दोर त्यात भिजवला, उन्हात वाळवला आणि होता तसा खुंटीला अडकवला. "नळी ते लोकं धुतेत जी. दोर कोन धुते?"

"पण का बाबा? हे गाव सुटावं म्हणून तर तुम्ही एवढी वर्षं भांडलात ना?"

"गाव सुटाव म्हनूनच भांडलो. पन मांगच्या तपासनीले आलेले साहेब मले म्हनाले, नाव निघालं का इथं मैदान करू, कोनाले समजनार बी नाही इथं काय होतं. मी म्हनलं, समजनार नाही? मंग माही बायको काहून मेली? यादीत नाव हाय तवरिक निदान कागदावर तं हाय का इथं जहर होतं."

मला राग आला होता तो तिथंच विरला. तरी सांगायचं ते मी सांगितलं. म्हटलं, "तुमच्या बायकोसाठी तुम्ही जित्या पोरीबाळींना त्याच यादीत कोंडून ठेवलंत. सरपंचबाईंच्या पोरीची सोयरीक या यादीपायीच मोडली होती, ठाऊक आहे ना?"

"मालूम हाय जी," ते खाली मान घालून म्हणाले. "दोर टांगला त्या दिसापासून जेवन गोड लागून नाही राहिलं. सांगाची हिंमत नोती."

डबा आणि दोर पंचांसमक्ष जप्त केला. तपासणीत दोरात तेच विष निघालं. नव्या नळ्या, नवे दोर लावून पुन्हा नमुने घेतले, सगळे स्वच्छ आले. म्हाताऱ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. वय आणि सारी हकीकत पाहून न्यायाधीशांनी समज देऊन, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. कायद्याच्या दृष्टीनं केस तिथं संपली. गावात मात्र संपली नव्हती. सरपंचबाई त्यांच्या घरावरून जाताना मान फिरवून जात.

सुनावणी शाळेच्या आवारात, कडुनिंबाखाली ठेवली. बंदोबस्ताला मी स्वतः होतो. अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "यादीतून नाव काढायला कुणाची हरकत आहे का?"

म्हातारे उठून उभे राहिले. आवारात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी, "बसा गा बाबा, पुरे झालं," असंही म्हणालं.

"हरकत नाही जी," ते हात जोडून म्हणाले. "पानी चांगलं हाय, मी स्वता पेतो. फकस्त इथं काय झालं ते लिहा, अन् मंग नाव काढा."

"बाबा, आजचा विषय फक्त तपासणीच्या निकालाचा आहे," अधिकारी समजुतीनं म्हणाले. "बाकीचं यात घेता येत नाही."

तेवढ्यात सरपंचबाई उठल्या. आता या म्हाताऱ्याला झापणार असं मला वाटलं, मी दोन पावलं पुढेही झालो. त्यांनी पदर खोचला आणि अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "गावाची बी तेच मागनी हाय. घ्या लिहून." आणि त्या पाण्यानं गेलेल्या माणसांची नावं त्यांनी तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. पहिलं नाव म्हाताऱ्यांच्या बायकोचं घेतलं. मग बसलेल्या माणसांतून एकेक आवाज यायला लागला. कुणी आपल्या बापाचं नाव सांगितलं, कुणी जावेचं. कारकुनानं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी होकारार्थी मान हलवली आणि कारकून लिहू लागला. म्हातारे खाली बसले, दुपट्टा तोंडाला लावून. त्यांच्या शेजारची माणसं तेवढी सरकून जवळ बसली.

गावाचं नाव यादीतून निघालं. त्या पोरीचं लग्नही पुढे रामटेककडे झालं. जावई पाण्याची बाटली न घेता आला, हे सरपंचबाईंनी मला आवर्जून फोन करून कळवलं.

आम्ही पोलीस 'तपास पूर्ण' असं लिहितो, फाईलला नाडी बांधतो आणि लोकांना हेच हवं असतं असं धरून चालतो. त्या म्हाताऱ्यांनी केलं ते चूकच होतं, त्याला मी आजही चूकच म्हणतो. पण जखम भरली म्हणजे जखम झालीच नव्हती असं कुणी म्हणू लागलं, तर साधा माणूसही खपली काढून दाखवतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मग नोकरीचे जे काही महिने उरले होते, त्यांत फाईल बंद करण्याआधी मी फिर्यादीला बोलावून विचारत असे, यात लिहायचं काही राहिलं का? बहुतेक जण नाही म्हणायचे. पण विचारलं याचं त्यांना बरं वाटायचं.

पुढच्या अक्षय तृतीयेला मी निवृत्त झालेलो. सरपंचबाईंचं जेवणाचं आमंत्रण होतं, म्हणून बायकोला घेऊन सकाळीच गेलो. विहिरीवरच्या बाभळीच्या फांद्या केव्हाच निघाल्या होत्या. गावातल्या बाया नव्या घागरी घेऊन विहिरीभोवती उभ्या होत्या, पण पाणी कुणीच काढत नव्हतं. बायकोनं मला विचारलं, थांबल्या कशाला? एवढ्यात म्हातारे आपली घागर घेऊन आले आणि बायांनी त्यांना वाट करून दिली. पहिली बादली त्यांनीच सोडली. घागर भरता भरता त्यांचा हात मध्येच थांबला, तशा सरपंचबाई मागून म्हणाल्या, "भरा जी बाबा लवकर. आमचे बी पितर उन्हात उभे हायेत."