बद्द वाजतंय

“बद्द वाजतोय! समदा पंखा बद्द वाजतोय!”

आमच्या गल्लीतले काका माझ्या दुकानात, भर गिऱ्हाइकात ओरडत होते. बारा इंची एक्झॉस्ट पंखा त्यांनी तान्ह्या पोरासारखा कडेवर घेतला होता. मधल्या बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर टकटक चालली होती आणि कान इतका जवळ, की पंखा कुणाची तरी चहाडी करतोय असं वाटावं. होल्डर घ्यायला आलेल्या बाईंनी हातातला होल्डर हळूच काउंटरवर परत ठेवला.

“काका, नवा आहे. तुमच्यासमोर खोक्यातून काढला.”

“खोक्यात घातला कुणी? तुज्यासमोर घातला?”

लक्ष्मीपुरीत विजेच्या सामानाचं दुकान चालवताना मी शेकडो संशयी गिऱ्हाइकं बघितली. पण ती सगळी पैशाबद्दल संशयी. काकांचा संशय वस्तूच्या चारित्र्यावर असायचा.

तीस वर्षं ते उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत माल तपासायला होते. साच्यातून निघून गार झालेलं ओतीव लोखंडाचं कास्टिंग समोर आलं की हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आणि ऐकायचं. टण्ण वाजलं तर माल चांगला. बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे, डोळ्यांना न दिसणारी. असं सांगतात, की त्यांनी नापास केलेलं एक कास्टिंग मालकानं हट्टानं पाठवलं, तर ते ट्रकमध्येच, कागलच्या पुढं, लाजेनं दुभंगलं. सांगतात म्हणजे मीच सांगतो. पण आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

काका निवृत्त झाले, बोट झालं नाही. कलिंगड, कपबशी, एस.टी.चा पत्रा, डॉक्टरांचं टेबल, समोर येईल ते वाजवून बघायचं. मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा शाबासकीच्या निमित्तानं पोराच्या पाठीत बुक्की घातली, क्षणभर ऐकलं आणि बाहेर येऊन काकूंना म्हणाले, “टण्ण हाय.” लग्न झालं. दोघं सुखात आहेत.

तर पंखा. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. काकांना घरातल्या आतल्या खोलीत एक तंबू उभारायचा होता. ट्रकच्या ताडपत्रीचा, चहूबाजूंनी बंद. आत ऊन नाही, वारा नाही, पाऊस नाही. उजेड विजेचा, हवा पंख्याची.

“तंबूतली हवा तासाला किती येळा बदलंल?”

बारा वर्षं पंखे विकत होतो, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी ठोकून दिलं, “साठ वेळा.”

काकांनी पंखा सोडून माझ्यासमोरचा काउंटर वाजवला. “बद्द.”

मग त्यांनी खिशातून उदबत्ती काढली. एकामागून एक सात पंखे चालवायला लावले आणि धूर कुठून कसा ओढला जातो ते खुर्चीवर उकिडवं बसून बघितलं. सातव्या पंख्यानं उदबत्तीबरोबर माझ्या पावत्याही ओढल्या. त्यांतली एक बिंदू चौकात सापडली म्हणतात. दिव्यांचं तर विचारू नका. जुन्या सिनेमा स्टुडिओतल्या एका म्हाताऱ्या कॅमेरामनकडून त्यांनी उजेड मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. ट्यूब लाव, काटा बघ. बल्ब लाव, काटा बघ. “कमी हाय. आजून कमी हाय.”

“पण काका, तंबूत करणार काय?”

“तुला काय करायचंय?”

चौथ्या दिवशी मी कंटाळलो आणि पाचशे वॅटचा हॅलोजन काढून दिला. म्हटलं, हा लावला की कुस्तीच्या मैदानात मुंगीची सावली दिसते, कोंबडे भर दुपारी आरवतात, अगदी उन्हासारखा उजेड. काकांनी काचेला नखानं टिचकी मारली, ऐकलं, माझ्याकडं बघितलं. “काच खोटं बोलत न्हाय,” म्हणाले आणि घेऊन गेले. सगळ्या ओळखीत माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला तो तेवढा एकदाच.

आता गल्लीचं बघा. काकांच्या आतल्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. झरोक्यातून दिवसभर पांढराशुभ्र उजेड सांडायचा आणि पंखा बोळात गरम, ओलसर, हिरवा वास फेकायचा. त्यात, जन्मात विडी न ओढलेला हा माणूस पानटपरीवर जाऊन सिगारेटच्या पाकिटातले चांदीचे कागद गोळा करत होता. कोण म्हणालं नोटा छापतात. कोण म्हणालं हातभट्टी लावलीया. गांजाची कल्पना माझी. आता कबूल करायला हरकत नाही. मी फक्त समोरच्या चहावाल्याला, फक्त एकदा, फक्त शक्यता म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत त्याची दोन पोती झाली, दुसऱ्या दिवशी ती पंचगंगेतून होडीनं यायला लागली आणि तिसऱ्या दिवशी हवालदार आला.

हवालदारामागं मी, माझ्यामागं चहावाला, त्याच्यामागं उरलेली गल्ली. काकांनी दार उघडलं. काकू चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. काकूंना मी तोवर एक अख्खं वाक्य बोलताना ऐकलं नव्हतं.

“खोली दाखवा,” हवालदार म्हणाला.

काकांनी आधी त्याच्या हातातली काठी वाजवली. “पोकळ हाय.” मग गळ्यातली किल्ली काढली. “बघा की. पर पायताण बाहीर काढायचं.”

“झडतीला आलोय मी, पावणं. देवळात न्हाय.”

“पायताण काढल्याबिगर आत पाऊल टाकता येनार न्हाय. मग बेडी घाला.”

हे इतक्या शांतपणे आलं, की हवालदार उंबऱ्यावर बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला. आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या. काकांनी ताडपत्री बाजूला केली.

आत डोळे दिपले. चहूबाजूंनी सिगारेटची चांदी चिकटवलेली, वर माझा हॅलोजन भणाणतोय, भट्टीसारखी धग, माझाच पंखा वादळासारखा घोंघावतोय आणि मधोमध, अर्ध्या कापलेल्या पिंपात, शेवरीच्या काठीला धरून उभी एक पानवेल. विड्याच्या पानाची. पानं कडेनं करपून भाजलेल्या पापडासारखी वळलेली.

हवालदारानं चारी कोपरे बघून विचारलं, “एकच?”

“एकच ऱ्हायलीया.”

मग काका बोलले. कुरुंदवाडकडं त्यांच्या आज्याचा पानमळा होता. मळ्यात पायताण घालून कुणी जायचं नाही, मालकानंसुद्धा, वेल रुसते. काका इथं फाउंड्रीत पाळीवर असताना गावातल्या त्यांच्या दोन सख्ख्या भावांनी न विचारता मळा काढला. ऊस लावायचा होता. निरोप मिळाल्यावर काका पहिल्या गाडीनं गेले, तर एक शेवटची ओळ उभी होती. तिच्यातली एक वेल मुळासकट ओल्या धोतरात गुंडाळून मांडीवर घेऊन आले. अंगणात ती बारा वर्षं वाढली. मग शेजारी तीन मजली बिल्डिंग उठली आणि अंगणातलं ऊन गेलं.

“मळ्यात ऊन चाळणीतनं आल्यागत यायचं,” काका म्हणाले. “त्यो उजेड म्या आठवणीनं मोजला. आठवण लई मोठी निघाली. आनि धग म्हनलं पंखा काढंल. फाउंड्रीत तसंच असतंय.” मग माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. “तू म्हनलास, उन्हासारखा हाय.”

मी अनवाणी उभा होतो. हवालदारानं डायरी मिटली. त्याला खरं तर एक पान खायची इच्छा झाली होती, पण त्यानं मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिथं गेलो. हॅलोजन उतरवला. चार ट्यूब बसवल्या, त्यांचे चोक तंबूच्या बाहेर भिंतीवर लावले, म्हणजे आत गरम होणार नाही. मोठा पंखा काढून सहा इंची, रेग्युलेटरवाला वर लावला आणि खाली हवा यायच्या भोकाला ओलं गोणपाट बांधलं. काकांनी उदबत्ती लावली. धूर सावकाश, बिनकामाच्या माणसासारखा वर गेला. “आसं पायजे. पान हाललं पायजे, हादरलं न्हाय पायजे,” ते म्हणाले. तीस वर्षांच्या धंद्यात पंख्याबद्दल याहून शहाणं वाक्य मी ऐकलं नाही.

पण वेलीवर तोवर दोनच पानं उरली होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस दवाखान्यात. तिथं त्यांनी सलाइनची बाटली वाजवली, खाट वाजवली, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या छातीला बोट लावणार तेवढ्यात भूल चढली. भेटायला गेलो की पोटाचं नाव काढायचे नाहीत. “वेल कशी हाय?” मी म्हणायचो, काकू बघतात. किल्ली काकूंकडं दिली होती. दुसऱ्या कुणाकडं दिली असती?

घरी सोडल्यावर ते रिक्षा तशीच माझ्या दुकानाला घेऊन आले, पोट एका हातानं धरून.

“पाच पानं आल्याती. नवी, ताजी. आठ दिवसांत पाच.”

“बघा. ट्यूबची कमाल.”

“बद्द वाजतंय,” काका म्हणाले. पण तोंडभर हसत होते.

मी काय गप्प बसतोय? मेलेली वेल माझ्या ट्यूबनं उठवली, हे मी शाहूपुरीपासून रंकाळ्यापर्यंत सांगितलं. तिघांनी आपापल्या तुळशीवर ट्यूब लावल्या. एकानं टक्कल असलेल्या भावासाठी चौकशी केली.

पुढं दहा वर्षं, दर पंधरवड्याला, काका एक पान खिशात घालून दुकानात यायचे. अर्धं मला द्यायचे, अर्धं स्वतः चावायचे, डोळे मिटून.

“काय लागतंय?”

“पान लागतंय, काका.”

“आमच्या पानाला शेवटाला एक तिखट चव यायची. कानापर्यंत जायची. हे ग्वाड हाय.” डोळे उघडून ते माझ्याकडं बघायचे. “तुज्या ट्यूबात काय तरी हाय.”

मी ट्यूब बदलल्या. दुसऱ्या कंपनीच्या लावल्या, पिवळसर लावल्या, एक कमी केली, एक वाढवली. चोक बदलले. नळाच्या पाण्यावर संशय गेला, मग विहिरीचं आणलं. मग वळ्यांचे सीएफएल आले, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही. “जो सरळ उभा ऱ्हात न्हाय, त्याचा उजेड कसला?” चव काही आली नाही. दर वेळी पान चावून व्हायचं, काउंटरवर टकटक, “बद्द,” आणि काका तुरुतुरु निघून जायचे. खरं सांगतो, मलाही हळूहळू माझ्या ट्यूबचा संशय यायला लागला. रात्री घरच्या जेवणाचीही चव बदलल्यासारखी वाटायची.

एका श्रावणात पंधरवडा आला आणि काका आले नाहीत. झोपेतच गेले.

दिवस-कार्य झाल्यावर मी घरी गेलो. तंबू ठेवायचा की लाइन काढून टाकायची, ते विचारायला हवं होतं. उंबऱ्यावर चपला काढल्या. ताडपत्री बाजूला केली तर सगळं चालू होतं. चार ट्यूब, सहा इंची पंखा, ओलं गोणपाट. वेल काठीच्या टोकापर्यंत जाऊन परत खाली वळली होती. पानं हलत होती, हादरत नव्हती. माझं बोट कधी पंख्याच्या चौकटीवर गेलं ते मला कळलं नाही.

काकू मागं येऊन उभ्या राहिल्या.

“काकू, काकांची वेल छान जपलीत,” मी म्हणालो. “मळ्यातली ही एकच उरली होती.”

“ती न्हाय ही,” काकू म्हणाल्या. “ती गेली. ते दवाखान्यात हुते तवाच. दोन पानं हुती, ती बी गळली.”

“मग ही?”

“त्यांच्या ऑपरेशनचा नवस बोलाय जोतिबाला गेलतो. उतरताना वाटंत नर्सरी हाय. तिथली.”

दहा वर्षांच्या ट्यूब माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. पिवळसर, पांढऱ्या, एक कमी, एक जास्त. कानापर्यंत जाणारी ती तिखट चव, आणि काउंटरवरची टकटक.

“आणि काकांना संशय आला नाही?” मी म्हणालो. “एवढा माणूस, काठी वाजवायचा, सलाइन वाजवायचा.”

काकूंनी पिंपातलं एक पिकलं पान उचललं, पदराला पुसलं.

“मला कदी वाजवून बगितलं न्हाय त्यांनी.”