भांडीबाजारातली भिंत

नाशिकला मी देवदर्शनासाठी गेले नव्हते, हे आधीच सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका सोबत्याने तिथून पत्र धाडले होते. भांडीबाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्याने भिंतीवर चित्र काढले होते. ‘चार दिवस इथेच आहे. येऊन पाहून जा,’ एवढाच मजकूर होता. शाळा नुकतीच माझ्या हाती आली होती. पत्र पुस्तकात ठेवले. गेल्या महिन्यात तो वारल्याचे कळले, तेव्हा रजेचा अर्ज लिहिला.

पुण्याहून जाताना कल्याणला गाडी बदलावी लागते. इगतपुरीला विजेचे इंजिन काढून कोळशाचे लावतात. तिथून पुढे कोळशाचे कण डोळ्यांत जातात. मला चष्मा आहे. ज्यांना नाही त्यांनी खिडकीची काच ओढून घ्यावी. नाशिक रोडला टांग्याचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे, गाव लांब आहे.

“बाईसाहेब, रामकुंडावर ना?” टांगेवाले रहीमचाचा म्हणाले.

“भांडीबाजारात. एक भिंत पाहायची आहे.”

“भिंती लय हायेत तिकडं,” ते घोड्याला म्हणाले. “आपण बाजारापत्तुर नेऊ, पुढचं बाई जाणे.”

तांबे ठोकण्याच्या आवाजात पत्ता विचारणे कठीण, पण घर सापडले. घरच्या राधाबाई माझ्याच वयाच्या. दारात रंगाचे डबे होते.

“बरं झालं आजच आलात, ताई. उद्या भिंतीला तेलाचा रंग लागतोय. मुलाचं लग्न आहे, व्याह्यांना हिरवी भिंत हवी.”

माजघरात नेऊन त्यांनी कंदील वर धरला. दर दिवाळीला चुन्याचा हात चित्र सोडून फिरत आला. थरावर थर चढून बाकीची भिंत पुढे आली आहे आणि चित्र कोनाड्यासारखे आत राहिले आहे.

हल्ली दुकानांतल्या छापील तसबिरींत प्रेमी जोडपी एकमेकांना बिलगलेली असतात. पाहणाऱ्याला काही करायचे उरत नाही. जुने चितारी नायकाला नायिकेच्या पायातला काटा काढायला लावत, आरसा धरायला लावत. जवळीक दोघांमधल्या जागेत ठेवत. इथे नायक विडा पुढे करून बसला आहे. नायिकेचे हात मांडीवर आहेत. विडा आणि हात यांच्यात वीतभर भिंत कोरी आहे. नायिकेच्या डोळ्यांवर गोल काचांचा चष्मा आहे.

“सासूबाई फार चिडायच्या,” राधाबाई सांगू लागल्या. “मेल्या, नायिकेला कुणी चष्मा घालतं का? आणि विडा तरी पोचव तिच्या हातात. तर हा म्हणायचा, माझं काम झालं. हात तिनं पुढं करायचाय. काम संपल्यावर चार दिवस ओट्यावर बसून होता. पुण्याहून कुणी यायचं होतं म्हणे.”

मग त्यांनी कंदील भिंतीवरून माझ्या तोंडाकडे आणला.

“शाळा होती,” मी म्हटले.

“पंचवीस वर्षं?”

मी चष्मा काढून पुसला. चित्र धूसर झाले, ते बरे वाटले.

त्यांनी जेवायला वाढले. भरली वांगी, बाजरीची भाकरी, वर ठेचा. हात धुताना त्यांनी विचारले, “चित्र ठेवू का?”

दुसऱ्याच्या भिंतीबद्दल मी काय सांगणार? व्याह्यांशी गाठ त्यांची. तुमच्या सोयीने करा, हे शब्द ओठांवर आले होते. आयुष्यभर मी असेच काही म्हणत आले.

“ठेवा,” मी म्हटले.

राधाबाईंनी रंगाऱ्याला हाक मारली. खडूने चित्राभोवती स्वतः चौकट आखली. “ह्याच्या आत ब्रश नाय न्यायचा. व्याह्यांचं मी बघते.”

पुण्यात आल्यावर शाळा सुरू झाली, रजेच्या दिवसांची कामे उरकली. ते जुने पत्र आता टेबलावर असते. वर्गात फळ्यापुढे उभी असताना मधेच ती वीतभर कोरी जागा दिसते, आणि उजवा हात थोडा पुढे जातो.

नाशिकला जाणाऱ्यांनी भांडीबाजारात राधाबाईंचे घर विचारावे. दुपारी जावे, कंदील मागावा. आणि कुणी बोलावले असेल, तर त्याच आठवड्यात निघावे. शाळा कुठे जात नाही.