केशवकाकांचा राम राम

काल इतवारीच्या बाजारात दुकानदाराने हातमागाची साडी उलगडली आणि खळीचा वास आला. आमच्या शेजारच्या केशवकाकांच्या हातांना तोच वास असे. ते विणकर होते.

मी कॉलेजात होते, निवडणुकीचे दिवस होते. एका सभेतून मी तावातावाने परतत असताना काका ओट्यावरून म्हणाले, "राम राम, पोरी."

"मी देव मानत नाही, काका. त्याच्या नावानं मतं मागून राहिले लोक. मले राम राम नका म्हणत जाऊ."

ते गोंधळले. "अवं, मी देवाले नाही, तुले म्हणून राहिलो."

मी सरळ घरात गेले. पुढे मी दिसले की ते मान खाली घालत. मला वाटे, मी जिंकले.

वर्षभरात काका वारले. तोवर रोज त्यांच्या ओट्यासमोरून मी जात होते, पण एकदाही थांबून स्वतःहून बोलले नाही.