एस्तेरबाईंचा वर गेलेला हात

एस्तेर दानीएल साळवे नगरसेविका झाल्या, तेव्हा सगळ्यात जास्त धक्का एस्तेरबाईंनाच बसला. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरं वळवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटला, दोन्ही पॅनलच्या उमेदवार एकमेकींच्या सख्ख्या जावा निघाल्या, आणि त्यांच्या भांडणाला विटून लोकांनी बाईंना अकरा मतांनी निवडून दिलं. ते भांडण कशावरून होतं हे पार भिंगारपर्यंत ठाऊक आहे, पण ते जाऊ द्या.

प्रचारात बाईंनी एकच वचन दिलं होतं. वर्षाच्या आत वरच्या आळीच्या नळाला पाणी, नाहीतर राजीनामा. वरची आळी म्हणजे चढावरची चाळीस घरं. नळ आहेत, काहींना तर पितळी तोट्या आहेत, पण त्यांतून येते ती नुसती हवा. तिथल्या झुंबरबाई सत्तरीच्या. पाण्याच्या दिवशी खालून कळशी घेऊन चढ चढताना तीनदा बसतात.

पहिले काही महिने बाईंना आपलं काम नेमकं काय तेच उमगेना. सकाळी सातला कोणी रहिवासी दाखल्यावर सही मागे, कोणी सुनेला चार शब्द सांगा म्हणे. पाण्याचं विचारायला गेल्या, तर पाणीपुरवठ्याचे रंगनाथ म्हणाले, हे बांधकामकडे. बांधकामवाले म्हणाले, फाइल नगरला गेली. बाई नगरला गेल्या, तर तिथं कळलं की फाइल गेल्याच महिन्यात परत पाठवली. वर जो तो विचारी, साहेब नाही आले? बाकीच्या नगरसेविकांचे नवरेच कारभार बघतात, हा इथला रिवाज. बाईंचे साहेब म्हणजे दानीएल, चर्चमध्ये पेटी वाजवणारे. ते घरी मेथी निवडत बसलेले असत, आणि चांगली निवडत, असं शेजारणी सांगतात.

नवव्या महिन्यातली सर्वसाधारण सभा. लिपिक विषय असे वाचत होता, जणू त्याची एसटी सुटायची होती. विषय क्रमांक चौदा. वरच्या आळीची जलवाहिनी निधीअभावी दुसऱ्या टप्प्यात घेणे. बाई दचकल्या. दुसरा टप्पा म्हणजे कधी? विचारायला त्यांनी हात वर केला आणि परवानगीची वाट बघत राहिल्या. बत्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलेलं, बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा. आजूबाजूला सगळेच हात वर. वा, इतक्या जणांना प्रश्न आहेत, असं बाईंना वाटलं. नगराध्यक्षांनी मान डोलावली, एकमताने मंजूर झालं, आणि बाईंचा हात तसाच राहिला. त्या भरात स्मशानभूमीचा रंग आणि बाजारातले गाळेही त्यांनी मंजूर करून टाकले.

पंधरा दिवसांनी रंगनाथांनी इतिवृत्त पुढे केलं. "चौदा नंबरला अनुमोदन तुमचंच आहे की, बाई."

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग घरी जाऊन वळणदार अक्षरात राजीनामा लिहिला आणि सरळ चढ चढल्या. झुंबरबाईंच्या ओट्यावर बायका जमल्या, तशी बाईंनी काही न लपवता सगळी हकीकत सांगितली. त्यांच्यातल्या भागूबाईंनी टोमणा मारलाच.

"आमचं पानी आमच्याच बाईनं अडवलं म्हना की."

बाईंची मान खाली गेली. झुंबरबाईंनी कागद मागून घेतला. वाचता येत नव्हतं, तरी उलटा-सुलटा करून नीट बघितला आणि बाईंच्या पिशवीत परत कोंबला.

"राजीनामा देऊ नगा. दुसरी कोन येईल, तिला पुन्ना पैल्यापासनं सांगत बसावं लागंल. तुमाला आता निदान कुनाकडं काय नसतं ते तरी कळलंय."

मग असं ठरलं की पुढच्या सभेला आळीनेही जायचं. सभेच्या दिवशी बावीस बायका मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. त्यातल्या दोघी लिपिकाच्या लग्नाचं कुठपर्यंत आलं याची चौकशी करत होत्या, आणि तो लाल झाला होता. मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय निघाला, तशा बाई हात वर न करताच उभ्या राहिल्या.

"चौदा नंबरला माझं अनुमोदन नव्हतं, प्रश्न होता. माझा विरोध लिहून घ्या. आणि दुसरा टप्पा कधी, ते सांगा."

नगराध्यक्षांनी मुख्याधिकाऱ्यांकडे पाहिलं, मुख्याधिकाऱ्यांनी अभियंत्याकडे, आणि अभियंता पंख्याकडे बघत बसला. दुसऱ्या टप्प्याचं कोणालाच काही माहीत नव्हतं. मंजूर मात्र सगळ्यांनी केला होता.

बाईंना वर्षभरात पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. न कळणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. लिपिकाने विरोध लिहून घेतला, बाई आता बसा म्हणाला. बाई म्हणाल्या, तारीख कळली की बसते.